थंडीत वाढलेलं वजन उतरवून पन्हाळ्याच्या चढाला सायकलच्या ग्रुपबरोबर कसं राहायचं

आपल्याकडं थंडीचं वजन थंडीत वाढायला लागत नाही, ते जुलैतच सुरू होतं. कोल्हापूरचा पाऊस सगळ्यांना माहितीय, पंचगंगा पात्राबाहेर आली की सायकल दाराआड उभी राहते ती महिना दीड महिना हलत नाही. मग गणपती, नवरात्र, दिवाळीचा फराळ, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू, आठवड्याला एक-दोन जेवणं ठरलेलीच. त्यावर डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, गुऱ्हाळावरनं आलेला नवा गूळ आणि काकवी, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि त्यावर लोण्याचा गोळा. जानेवारीत सायकलला वर्षातली सगळ्यात भारी हवा असते आणि नेमकं तेव्हाच आपण वर्षातले सगळ्यात जड असतो.

माझं मागच्या संक्रांतीला ७१ किलो होतं. आम्ही चौघं रविवारी पन्हाळ्याला जातो, मी, माझी नणंद आणि ऑफिसमधली दोन पोरं, ती मला ताई म्हणतात आणि तिघंही माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. गंगावेशातनं निघून शिवाजी पूल ओलांडला की केर्लीपर्यंत मी त्यांच्याबरोबर गप्पा मारत जायची, काही त्रास नाही. वाघबीळला पन्हाळ्याच्या फाट्याला वळलं की सुरू व्हायचं. नणंदेच्या मागच्या चाकात आणि माझ्या पुढच्या चाकात आधी हातभर अंतर, मग एक सायकल, मग एक वडापची जीप मावेल एवढं, आणि मग वळणावर तिचा लाल दिवा दिसेनासाच व्हायचा. वर ती तिघं घामानं भिजलेली, गार वाऱ्यात दहा-दहा मिनिटं थांबायची. कोणी कधी एका शब्दानं बोललं नाही, पण आपल्यासाठी लोक कुडकुडत उभे राहतात हे मनाला लागतंच.

चैत्रापर्यंत पाच किलो उतरलं आणि ते अंतर बऱ्यापैकी मिटलं. ते कसं केलं, काय चुकलं, ते सगळं सांगते. मी डॉक्टर नाही आणि कोचही नाही. शुगरच्या गोळ्या चालू असतील, थायरॉईड, बीपी, हार्टचं काही असेल, बाळ अंगावर पीत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं कमी करून सायकल मारणं धोक्याचं असतं.

पहिली गोष्ट, तुम्ही नक्की कुठं मागं पडता ते बघा, कारण वजन सगळीकडं सारखं नडत नाही. सपाट रस्त्यावर, समजा हायवेनं कागलकडं निघालात, तर तिथं खरी लढाई वाऱ्याशी असते, वजनाचा फरक फार थोडा पडतो. तिथं मागं पडत असाल तर पाच किलो उतरवूनही तुम्ही बऱ्यापैकी मागंच राहणार, तिथं दुसऱ्याच्या चाकामागं चिकटून बसायला शिकायला पाहिजे, त्यावर खाली बोलते. चढावर मात्र प्रत्येक किलो तुम्हाला स्वतःच्या पायांनी वर उचलायचा असतो. पन्हाळा आसपासच्या मैदानापासून साधारण ४०० मीटर उंच आहे. माझे ७१ आणि सायकल, बाटल्या, पंप वगैरे धरून १२, म्हणजे ८३ किलो मी ४०० मीटर वर न्यायची. त्यातले ५ गेले तर ७८, म्हणजे ६ टक्के कमी. पायात ताकद तेवढीच राहिली तर चढाचा वेळही साधारण तेवढाच कमी होतो, ३८ मिनिटांच्या चढात सव्वादोन मिनिटं. काहींना हे कमी वाटेल पण बरोबरचा गडी दिसत राहणं आणि न दिसणं यातला फरक एवढाच असतो. आणि ताकदही थोडी वाढली तर दोन्हीची बेरीज होते.

आता हिशेब. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज ५५० च्या आसपास कमी पडल्या पाहिजेत, त्यातल्या निम्म्या-अधिक जेवणातनं आणि बाकीच्या सायकलीतनं. यापेक्षा घाई करू नका. महिन्यात पाच किलो उतरवणारी माणसं मी बघितलीयत, त्यात चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही जातात आणि मग हलकं होऊनही माणूस चढाला तेवढाच मागं. संक्रांत ते जोतिबाची चैत्र यात्रा असे अकरा-बारा आठवडे मिळतात, पाच किलोला तेवढे पुरतात.

वजन रोज सकाळी करायचं, संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याच्या आधी, आणि वहीत लिहायचं, पण रोजच्या आकड्यावर जीव टांगायचा नाही, सात दिवसांची सरासरी बघायची. रविवारी तांबडा-पांढरा झाला की सोमवारी काट्यावर किलो-दीड किलो जास्त दिसणारच, ते मिठानं धरलेलं पाणी असतं, बुधवारपर्यंत उतरतं. तसंच पिष्टमय खाणं एकदम कमी केलं की पहिल्या आठवड्यात दोन किलो गेल्यासारखं वाटतं, तेही बरंचसं पाणीच, कारण स्नायूत साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी असतं. त्यानं हुरळून जाऊ नका. कमरेचा घेर पंधरा दिवसांनी टेपनं मोजा, तो खोटं बोलत नाही.

माझी चूक इथं सांगते कारण ती दहातले आठ जण करतात. सुरुवातीला मला वाटलं की चरबी जाळायचीय तर सायकलीवर उपाशीच जायचं. एका रविवारी नुसता कोरा चहा पिऊन निघाले, आदल्या रात्री पण अर्धीच भाकरी खाल्लेली, आणि बेत होता जोतिबा करून पुढं पन्हाळा. केर्लीतनं जोतिबाचा चढ सुरू झाला, अर्ध्यात गेले आणि पायातली वीजच गेली. दम लागणं वेगळं आणि हे वेगळं, दम लागला की थांबून परत येतो, इथं डोळ्यासमोर पांढरं, हात थरथरतायत, ब्रेकवर बोटं धरवेनात. नणंदेनं खिशातनं राजगिऱ्याचे दोन लाडू काढून दिले, रस्त्याकडेला दगडावर बसून खाल्ले, वीस मिनिटांनी जीवात जीव आला आणि तिथनंच परत फिरलो, चौघंही. घरी आल्यावर मी दुपारी जेवले ती संध्याकाळपर्यंत खातच होते, मिसळ, मग भात, मग लाडू, मग चहाबरोबर खारी. सकाळी जेवढं वाचवलं त्याच्या दुप्पट पोटात गेलं, आणि व्यायाम अर्धाच झाला.

तेव्हापासनं आमचा नियम एकच आहे. सायकलीवर पोटभर, खाण्यात कपात बाकीच्या बावीस तासात. शरीरात साखरेचा साठा जोरात चालवल्यावर दीड-दोन तासच पुरतो. तासाभराची निवांत राईड असेल तर नुसत्या पाण्यावर जा, काही बिघडत नाही. पण चढ असेल किंवा दीड तासाच्या वर जायचं असेल तर निघायच्या आधी एक केळ किंवा गूळ-चपाती, आणि रस्त्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेलंच पाहिजे. एका केळात साधारण २५ ग्रॅम असतं. माझी बाटली अशी असते: पाऊण लिटर पाणी, मुठीएवढा नव्हे, लिंबाएवढा गुळाचा खडा, म्हणजे ३०-४० ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस आणि दोन चिमूट मीठ. रात्रीच करून गाळून ठेवायची. आपल्या गुळाला जीआय मानांकन आहे, जगभर जातो, आणि आपण बाहेरची रंगीत पावडर कशाला आणायची. दुसरी बाटली साध्या पाण्याची. वाघबीळला वळायच्या आधी पंधरा मिनिटं चार घोट घ्या, चढ सुरू झाल्यावर हात सोडून प्यायला जमत नाही आणि पोटातही जात नाही.

मात्र हाच गूळ चहात घालून 'साखर सोडली' असं समजू नका. कॅलरीत गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच, ग्रॅमला चारच्या आसपास. गुळाची जागा सायकलीवर.

आता स्वयंपाकघर, खरं काम इथंच आहे. मी भाकरी-भात सोडला नाही, कुणाला सोडायलाही सांगणार नाही, चढ चढायला पायांना तेच लागतं. आपल्या खाण्यात कॅलरी लपून बसतात त्या तेलात, दाण्याच्या कुटात, खोबऱ्यात, दुधात. आमच्या घरी चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागायचं, हे मला वाण्याच्या बिलावरनं कळलं, तोवर कधी लक्षच दिलं नव्हतं. मी काय केलं, एक पाऊण लिटरची काचेची बाटली घेतली आणि दर रविवारी संध्याकाळी डब्यातनं ती भरायची, आठवडा तेवढ्यातच काढायचा. बाटलीवर सासूबाईंनी बुधवारची खूण म्हणून रंगानं रेघ मारली, बुधवारी तेल रेघेच्या खाली गेलं असलं की गुरुवारी-शुक्रवारी भाज्या वाफेवर. महिन्याला पाचाचे तीन लिटर झाले. दोन लिटर म्हणजे माणशी रोज १४० कॅलरी, कुणाच्या ताटातली एक भाकरी कमी न करता. पहिले आठ दिवस भाजी कोरडी लागते, मग जीभ सरावते. लोखंडी तव्यात परतली की कमी तेलातही चव येते.

दूध. कोल्हापूरकराला दूध कमी कर म्हणणं म्हणजे जरा अवघडच आहे, मला कळतं. गंगावेशात दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात देतात, तो प्यायला आम्हीही राईड संपवून थांबायचो. म्हशीच्या दुधाचा मोठा पेला, पाव लिटर, म्हणजे २५० कॅलरीच्या आसपास. पैलवान ते पितो, पण तो दिवसाला तासन्‌तास मेहनत करतो, आपण रविवारी तीन तास सायकल चालवतो. मी रोजचं घरातलं दूध साय काढून घेतलं आणि कट्ट्यावरचा पेला महिन्यातनं एकदा, मोठ्या राईडनंतर. चहा चारचे दोन केले आणि साखर दोन चमच्यांची अर्धा चमचा, तिथंच दिवसाला शंभरावर वाचल्या.

लाडवांचं वेगळं सांगावं लागेल कारण तो खाण्यापेक्षा माणसांचा प्रश्न आहे. सासूबाईंनी दोन दिवस राबून, डिंक तळून, खारीक कुटून लाडू केलेले असतात आणि आपण ताटातला लाडू बाजूला सारला की त्यांचा चेहरा उतरतो. मी एक लाडू काट्यावर ठेवला, ५० ग्रॅम भरला, तूप, खोबरं, गूळ सगळं धरून सव्वादोनशेच्या घरात कॅलरी. मग त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, आई, मला पन्हाळ्याला पोरांच्या बरोबरीनं चढायचंय, लाडू मी खाणार पण रविवारी सायकलीवर. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी माझ्यासाठी लिंबाएवढे वेगळे वळले, प्लॅस्टिकच्या कागदात एकेक गुंडाळून, जर्सीच्या खिशात बसतील असे. वाघबीळच्या चढाआधी तो लाडू खाताना मला जे वाटतं ते शब्दात सांगता येणार नाही. तुमच्याही घरी नुसतं 'मी डाएटवर आहे' म्हणू नका, काय करायचंय आणि कशासाठी ते सांगा, घरची माणसं साथ देतात.

राईडनंतरची मिसळ ही दुसरी मोठी गळती. तीन तास घाम गाळून हजार-बाराशे कॅलरी जाळायच्या आणि नाष्ट्याला कटाच्या दोन वाट्या वरून, फरसाण, चार पाव, कटवडा, त्यावर गोड चहा, झालं, हिशेब बरोबरीत. मिसळ सोडायची नाही, कोल्हापुरात राहून ते शक्यही नाही आणि ग्रुपची मजाच ती आहे. पण फरसाण कमी आणि मटकी जास्त घाला म्हणून सांगायचं, वरचा तर्रीचा तवंग चमच्यानं बाजूला, पाव दोन, आणि एक्स्ट्रा कट मागायचा नाही. रश्श्याचंही तेच, मटणाचे तुकडे नीट खा, तांबड्याची तर्री बाजूला करा, पांढरा रस्सा एक वाटी. पांढऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस असते, पातळ दिसतो म्हणून लोक पाण्यासारखा तीन-तीन वाट्या पितात. लग्नाच्या पंगतीला जाताना घरनं एक वाटी उसळ किंवा दोन उकडलेली अंडी खाऊन जायचं, उपाशी पोटी गेलं की हात थांबत नाही.

प्रोटीन वाढवा, हे मात्र न चुकता. वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतील तर किलोमागं दीड ग्रॅमच्या आसपास रोज पाहिजे, म्हणजे मला १०० ग्रॅमच्या वर. आपल्या साध्या जेवणात त्याच्या जेमतेम निम्मं होतं. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २७-३०, पनीरमध्ये १८, मोड आलेल्या मटकीची मोठी वाटी ८-१० ग्रॅमपर्यंत. सकाळी तीन अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी उसळ आणि घट्ट दह्याची वाटी, रात्री पिठलं किंवा डाळ जाड वाटीभर, आठवड्यातनं दोन-तीनदा चिकन-मासे. शेंगदाण्यात प्रोटीन असतं हे खरं पण मूठभर दाणे म्हणजे १७० कॅलरी, त्यामुळं टीव्हीपुढं दाण्याचा डबा घेऊन बसू नका.

आणि बैठका. कोल्हापुरात गल्लीगल्लीत तालीम आहे, बैठका कशा मारायच्या ते कुणीही दाखवेल. आठवड्यातनं दोनदा, वीस मिनिटं, १५ च्या तीन फेऱ्यांपासून सुरू करा, गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर बसल्या-उठल्यासारख्या अर्ध्या. बरोबर जोर, आणि पोटासाठी प्लँक. चढावर उभं राहून पॅडल मारताना कंबर हलत नाही, हा फरक मला महिन्याभरात कळला.

सायकलचं आठवड्याचं गणित असं होतं. मंगळवारी पहाटे कात्यायनीकडच्या चढाला, पाच मिनिटं जोरात चढायचं, चार मिनिटं हळू उतरत दम घ्यायचा, असं चार वेळा. जोरात म्हणजे बोलायला गेलं तर दोन-तीनच शब्द निघतील एवढं, जीव तोडून नाही. तीन आठवड्यांनी पाचाची आठ मिनिटं केली, मग दहा-दहाच्या तीन. गुरुवारी रंकाळा-फुलेवाडीकडनं तासभर एकदम निवांत, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, शेजारनं कुणी पुढं गेलं तर जाऊ द्यायचं, पाठलाग करायचा नाही. रविवारी ग्रुप. बाकी दिवस चालणं. बरीच माणसं रोज मध्यम जोरात मारतात, ना धड निवांत ना धड जोरात, थकतात आणि सुधारत नाहीत. मंगळवारच्या सेशनला उपाशी जायचं नाही, हे परत सांगते.

पहाटे जात असाल तर एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. थंडीत उसाच्या गळिताचा हंगाम असतो, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं कधी रिफ्लेक्टर असतो कधी नसतो, उसाची वाढं रस्त्यावर लोंबत असतात. नदीकाठाला धुकं. पुढं पांढरा दिवा, मागं लाल लुकलुकणारा, अंगावर रिफ्लेक्टरचं जॅकेट आणि हेल्मेट, यातलं एक जरी नसलं तर उजाडेपर्यंत घरात थांबा. उभ्या ट्रॉलीच्या मागनं वाट काढताना उलट बाजूनं बैलगाडी येत असते. सांडलेल्या उसाच्या पाचटावरनं चाक घसरतं, वळणावर विशेष.

वजन उतरेपर्यंत तीन महिने काय करायचं, तेही महत्त्वाचं, नाहीतर तोवर ग्रुपच सुटेल. सपाटीला पुढच्याच्या चाकामागं दोन-तीन हातांवर राहा, तिथं वारा कमी लागतो आणि पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. पुढच्या चाकाकडं एकटक बघू नका, पुढच्याच्या खांद्यावरनं रस्ता बघा, आणि त्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक कधीही एकमेकांच्या शेजारी येऊ देऊ नका, तिथंच पाडापाडी होते. मी आधी भिडस्तपणानं पुढं जाऊन वारा खायची, आपण कमी पडतोय तर निदान एवढं तरी करावं म्हणून, आणि चढ येईपर्यंत पाय रिकामे. पोरांना सरळ सांगितलं, केर्लीपर्यंत मी मागंच राहणार, त्यांनी लगेच मानलं.

चढाच्या तोंडाशी सगळ्यात पुढं या. हे मला एका जुन्या सायकलवाल्या काकांनी सांगितलं आणि याच्यासारखी युक्ती नाही. पहिले पुढं असलात की एकेक जण तुम्हाला ओलांडत जातो तरी अर्ध्या चढापर्यंत तुम्ही ग्रुपमध्येच असता, शेवटी असलात तर पहिल्याच वळणाला एकटे. आणि कुणी सुटलं तर त्याच्या वेगाला जायचं नाही. पहिल्या पाच मिनिटात जरा हळू वाटलं पाहिजे, तरच शेवटचा टप्पा निघतो. गिअर लवकर हलका करा, पॅडल मिनिटाला सत्तर फेऱ्यांच्या खाली जाऊ देऊ नका. माझ्या सायकलला मागं सगळ्यात मोठी चकती २८ दातांची होती, मेकॅनिकला विचारून, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरनं दुसरीवर सरकवणारा भाग, घेतोय का बघून, ३२ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवली, गुडघ्यांना त्या दिवसापासनं आराम. हलकं चाक, हलकी सीट यावर पैसे घालायच्या आधी हे करा.

कुठं थांबायचं तेही कळलं पाहिजे. रात्री झोप लागेना, सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त, चिडचिड, सारखी सर्दी, बायकांची पाळी पुढं जायला लागली किंवा चुकली, तर समजा की खाणं फार कमी पडतंय. एक आठवडा वजन उतरवणं बंद, पोटभर जेवा, सायकल निवांत. पाळी दोनदा चुकली तर डॉक्टरांकडं जा, 'सायकलमुळं होतं' म्हणून सोडून देऊ नका. मला फेब्रुवारीच्या शेवटी असा आठवडा घ्यावा लागला, काटा अर्धा किलो वर गेला आणि त्यानंतरच्या रविवारी मी चढाला आधीच्या कुठल्याही वेळेपेक्षा बरी होते.

मार्चच्या शेवटी ६६ किलो. वाघबीळला वळलो तेव्हा मी पुढं होते, पहिला पोरगा गेला, दुसरा गेला, नणंद आली आणि माझ्या शेजारनं चालवायला लागली. ती पुढं जाईना म्हणून मी म्हटलं जा की, तर म्हणाली वहिनी, माझाच दम काढलाय तुम्ही. वर गेलो तेव्हा पोरांच्या अंगावरचा घाम अजून वाळला नव्हता. झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही खाल्लं, चौघांनीही, भाकरी मी दोन खाल्ल्या.

आता ऊन वाढलंय, सहाच्या आधी निघा आणि नऊच्या आत परत या, बाटल्या दोनच्या तीन करा. आणि चैत्र यात्रेच्या आठवड्यात जोतिबाच्या रस्त्याला सायकल घालू नका, सासनकाठ्या (देवाच्या उंच, सजवलेल्या काठ्या), बैलगाड्या, चालत येणारे भाविक, सगळा रस्ता त्यांचा असतो. त्या आठवड्यात मंगळवारचा चढ कात्यायनीलाच करा आणि रविवारी गगनबावड्याच्या रस्त्यानं जेवढं जमेल तेवढं लांब जाऊन या.